एका पिनेसाठी भिलाईला

भिलाई हे बघायला जायचं गाव नाही. तिथे किल्ला नाही, समुद्र नाही, थंड हवा तर नाहीच. माणसं तिथे नोकरीला जातात, लग्नाला जातात, मयतीला जातात. मी एकतीस वर्षं तिथल्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. निवृत्त झाल्यावर नागपूरला आलो आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. गेल्या फाल्गुनात गेलो तो खिशात एक लग्नपत्रिका घेऊन, आणि संतापून.

पत्रिका ऋतुजाच्या लग्नाची होती. ऋतुजा म्हणजे वसंता ढोमणेची नात. वसंता माझा भिलाईतल्या मरोद्याच्या क्वार्टरातला शेजारी, वर्धेकडचा, माझ्याच खात्यात वेल्डर. आपल्याकडे पत्रिकेवर वर गणपती, त्याखाली कुलदेवता आणि मग आशीर्वाद देणारे गेलेले लोक. आजोबा गेले असतील तर त्यांचं नाव पहिलं. या पत्रिकेवर ऋतुजाचा बाप प्रशांत होता, आई होती, आजी श्रीमती कमल होती, दोन्हीकडचे मामा होते, वर्धेचे काका होते. वसंता नव्हता. छापखान्याची चूक म्हणावी तर जागाही सुटलेली नव्हती. श्रीमती कमल, पण कुणाची, ते कुठेच नाही.

पहिला राग आला तो प्रशांतचा. बापाचं नाव टाकायला लाज वाटते? चहा गार होईपर्यंत मी त्या पोरावर मनातल्या मनात ओरडत होतो. पोर कसला, तो पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. मग ओरडणं थांबलं, कारण ते नाव प्रशांतनं वगळलेलं नाही हे मला माहीत होतं. ते बेचाळीस वर्षांपूर्वी मी खोडलं होतं, एका वाक्यानं. त्याच दिवशी तिकीट काढलं.

शनिवार

गाडीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. डोंगरगड आलं की सगळा डबा टेकडीवरच्या देवीकडे हात जोडतो. मीही जोडले, पण काही मागितलं नाही. शेजारी राजनांदगावचा एक धान्याचा व्यापारी होता. त्यानं डब्यातली ठेठरी काढून दिली. ठेठरी म्हणजे आपल्या कडबोळ्याची चुलतबहीण, बेसनाची आणि लांबट. दात नसलेल्या माणसाला ती देऊ नये. मी ती चघळत राहिलो आणि तो त्याच्या सुनेच्या तक्रारी सांगत राहिला.

मला पॉवर हाऊस स्टेशनला उतरायचं होतं. दुर्ग आलं तेव्हा सगळे उतरायला लागले, आणि एकतीस वर्षं तिथे राहिलेला मी, घाईघाईत त्यांच्या मागे उतरलो. गाडी गेल्यावर चूक कळली. त्यातच चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात घेऊन ऑटो शोधणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून एका ऑटोवाल्यानं विचारलं, "बबा, कहां जाबे?" मी मरोदा म्हणालो. खरं तर कोहक्याला जायचं होतं. प्रशांत आणि कमलवहिनी आता कोहक्यात राहतात. पण जिभेवर मरोदाच आलं.

आमचं जुनं क्वार्टर अजून उभं आहे. रंग वेगळा, अंगणात पेरूचं झाड नवं. दारात एक बाई भाजी निवडत होती. मी इथे राहत होतो असं सांगितल्यावर तिनं काही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, "बइठव बबा, चाय पी लव." नागपुरात असं कुणी दारात आलं तर आपण आधी विचारतो, कुणाकडे काम आहे. तिनं चहाबरोबर तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं, दिला, टोमॅटोच्या चटणीबरोबर. मी खात होतो आणि दाराच्या आतल्या भिंतीकडे बघत होतो. खिळा तिथेच होता. आता त्याला छत्री अडकवलेली होती.

त्या खिळ्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या लाइनीत चार घरं मराठी आणि मोटरसायकल एकच, माझी. किल्ली त्या खिळ्याला असायची. ज्याला लागेल त्यानं घ्यावी, घरात कुणी असेल तर सांगावं, नसेल तर न सांगता घ्यावी. दवाखाना, बाजार, स्टेशन, सगळ्यांची कामं त्या किल्लीवर चालायची. मला त्याचा अभिमान होता. आज त्या अभिमानाची चीड येते.

कारखान्यात आमची रीत वेगळी होती. मशीनवर काम सुरू करायच्या आधी तिच्या स्विचला आपल्या नावाचं लाल कार्ड लावायचं. ज्यानं कार्ड लावलं त्यानंच ते काढायचं, मग साहेब येवो की साहेबाचा साहेब. कार्ड असताना मशीन चालू करणाऱ्याची मी कॉलर धरली आहे. सारं खातं मला त्यासाठी ओळखायचं. आणि हाच मी रविवारी अंगणात गाडी उघडून बसायचो तेव्हा किल्ली खिळ्यालाच असायची. घरच्या गाडीला कसलं कार्ड? एवढी अक्कल गेटबाहेर पडताना मी तिथेच ठेवून येत होतो.

चहा देणाऱ्या बाईला यातलं मी काही सांगितलं नाही. छत्रीखालचा खिळा बघून उठलो. रात्र कोहक्याजवळच्या एका लॉजवर काढली. तिथल्या डासांबद्दल न लिहिलेलं बरं.

रविवार

सकाळी प्रशांतच्या दारात पोचलो तेव्हा तो अंगणात मोटरसायकलसमोर उकिडवा बसला होता. गाडी मधल्या स्टँडवर, खाली फळी, मागचं चाक हवेत. शेजारी पाने, पक्कड, तेलाचा डबा. अगदी बापासारखा बसतो, एक गुडघा टेकून. वहिनी ओसरीवर पत्रिकांचा ढीग घेऊन प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावत होत्या. केस सगळे पांढरे, हात मात्र स्थिर. मला बघून म्हणाल्या, "या भाऊजी. पत्रिका पोचली म्हणायची." जसा मी परवाच जाऊन आलो होतो.

प्रशांत रोज या गाडीवर कुम्हारीला नोकरीला जातो. चेन ढिली झाली होती, आवाज करत होती. ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, काम सोपं आहे. मागच्या चाकाचा मोठा नट ढिला करायचा, दोन्ही बाजूंचे छोटे नट सारखे फिरवत चाक मागे ओढायचं, दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत. चेन खालून बोटानं उचलली तर इंचभर हलावी, जास्त नाही, कमी नाही. चाक फिरवून चार ठिकाणी बघावं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. आणि चाक मागे गेलं की मागच्या ब्रेकचा दांडा ताणला जातो, म्हणून चेन आधी, ब्रेक नंतर. ब्रेकच्या ड्रमचं झाकण चाकाबरोबर फिरू नये म्हणून त्याला एक लोखंडी पट्टी धरून ठेवते. चेनसाठी त्या पट्टीचा नटही ढिला करावा लागतो. तो परत घट्ट करायचा आणि त्याच्या भोकातून एक पिन घालून तिची टोकं वाकवायची. स्प्लिट पिन. बायकांच्या केसांतल्या आकड्याएवढी.

प्रशांतनं चेन व्यवस्थित केली. खुणा जुळवल्या. पट्टीचा नट आवळला. जुनी पिन काढताना मोडली होती, तिचा तुकडा त्यानं नालीत फेकला आणि ब्रेककडे वळला.

"पिन?" मी विचारलं.

"छोडो ना काका. नट टाइट आहे. उद्या कुम्हारीतून आणतो."

अक्षरशः तेच. उद्या आणतो. मी येताना वाक्यं जुळवून आणली होती, वहिनींना एकटं गाठून हळू आवाजात काय सांगायचं ते पाठ केलं होतं. ते सगळं गेलं. मी त्या भल्या माणसावर त्याच्याच अंगणात ओरडलो.

"तुझा बाप मेला या पिनेपायी. मी बी उद्याच आणनार होतो."

प्रशांतनं मान वर केली. "काय बोलून राहिले काका?"

मग मी सांगितलं, उभ्या उभ्याच. त्या रविवारी मी हेच काम करत होतो. माझीही पिन मोडली होती. सोमवारी कारखान्यातून आणीन म्हणून नट नुसता हातानं फिरवला, पानाही लावला नाही, कारण सोमवारी पुन्हा उघडायचाच होता. हात धुतले, जेवलो, झोपलो. किल्ली खिळ्याला. दुपारी वसंता आला, माझ्या बायकोला म्हणाला, "दादाले सांगा, कुम्हारीले बहिनीकडे जाऊन येतो." गेला. कुम्हारीच्या अलीकडे त्यानं ब्रेक दाबला तेव्हा नट गळून गेला होता. झाकण चाकाबरोबर फिरलं, दांडा अडकला, चाक जाम झालं. मागून ट्रक होता.

गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोतून माझ्या अंगणात आली. पट्टी लोंबत होती. बघताक्षणी मला कळलं. मी नवा नट लावला, नवी पिन घातली, टोकं नीट वाकवली. पंचनाम्याला हवालदार आला, त्यानं गाडी बघितली, विचारलं, काय झालं असेल. मी म्हणालो, गाडी तर ठीक आहे साहेब. थोडी घेतली असेल.

एवढंच. त्यानंतर मला एक शब्दही बोलावा लागला नाही. सणासुदीला सगळेच घ्यायचे, वसंताही घ्यायचा. बाकी काम लोकांनी केलं.

"पापा पिऊन होते," प्रशांत म्हणाला. मोठ्या माणसाचा आवाज नव्हता तो. "पूरा मोहल्ला बोलता था. शाळेत पोरं बोलायची."

"ते माझ्याच तोंडून निघालं."

प्रशांत उठला. हातात अठरा-एकोणीस नंबरचा पाना होता. मी हललो नाही. त्यानं पाना मारला असता तर निदान एक गोष्ट तरी सरळ झाली असती. पण तो मारणारा नाही. तो आईकडे बघायला लागला.

वहिनींचं हळदकुंकू थांबलं नव्हतं. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी हातातली पत्रिका पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी चतुर्थी होती, भाऊजी. त्यानं सकाळपासून दोन केळं अन् पानी, एवढंच. बहिनीचाबी उपास होता, म्हनून साबुदान्याच्या उसळीचा डबा घेऊन गेला. चंद्र निघायच्या आत येतो म्हने. उपासाच्या दिवशी तो पान खात नव्हता, दारू पिईल? मी हे पहिल्या दिवसापासून सांगून राहिली. तुमच्या बायकोले सांगितलं, लाइनीतल्या साऱ्यायले सांगितलं. म्हनत, बिचारी, नवऱ्याचं झाकून राहिली." आणि मग त्याच आवाजात, "मले कावून सांगता? मले मालूमच होतं. याले सांगा. यानं बी माझं नाही ऐकलं."

मी तयारी केली होती ती वहिनींना सत्य सांगायची. सत्य त्यांच्याकडे बेचाळीस वर्षं होतं. माझ्याकडे फक्त पिन होती. माझं एक खोटं वाक्य हवालदारानं ऐकलं आणि त्यांची रोजची खरी वाक्यं कुणी ऐकली नाहीत, पोटच्या पोरानंही नाही, कारण मी लाल कार्डवाला होतो, खात्यातला सगळ्यांत काटेकोर माणूस. ज्या नावाच्या जोरावर माझं खोटं चाललं ते नाव मला त्या ओसरीवर ओकून टाकावंसं वाटलं.

"मां, तू बोलली होती," प्रशांत म्हणाला.

"हो. बोलली होती."

 प्रशांत आत गेला, नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ चालला. बाहेर आला तो खिळ्यांच्या डब्यातून एक नवी स्प्लिट पिन शोधून. म्हणजे घरात होती. नुसतं आत जाऊन बघायचं होतं. माझ्याही घरात असेल त्या दिवशी. हा विचार मी याआधी कधीच केला नव्हता.

त्यानं पिन आणि पक्कड माझ्यापुढे धरली. "पूरा करा."

मी बसलो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उकिडवं बसणं सोपं नाही, पण त्यानं हात दिला नाही आणि मी मागितला नाही. नट पुन्हा आवळला, भोक जुळवलं, पिन घातली, दोन्ही टोकं उलट्या बाजूंना वाकवली. मग ब्रेकचा नट फिरवला. पायाखाली पेडल दोन बोटं खाली जावं आणि मग धरावं. चाक फिरवलं, मोकळं फिरलं. ब्रेक दाबला, थांबलं. मी उठल्यावर प्रशांत वाकला आणि पक्कडीनं पिन ओढून बघितली. दोनदा.

वहिनींनी जेवायला वाढलं. झुणका, भाकरी, वर कच्चं तेल, आणि ऋतुजासाठी भाताबरोबर तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची भाजी, कारण पोरगी इथलीच झाली आहे. झुणक्याची चव वर्धेची होती. मी भाकरी नुसती मोडत बसलो आणि ते बघून वहिनी चिडल्या, म्हणाल्या अन्नावर राग काढू नका. जेवण झाल्यावर त्यांनी पत्रिकांचा ढीग माझ्यापुढे सरकवला. वाटायच्या राहिलेल्या बत्तीस होत्या.

"तुमचं अक्षर चांगलं आहे. लॉगबुकात लिवत होते ना. लिवा. गनपतीच्या खाली."

मी लिहिलं. कै. वसंतराव ढोमणे. बत्तीस वेळा. छापील मजकुरावर हातानं लिहिलेलं नाव वेगळं दिसतं, उठून दिसतं. आधी मला ते विद्रूप वाटलं. नंतर वाटलं, दिसू दे.

सोमवार

प्रशांतनं रजा काढली. मला म्हणाला, चला. त्याच्या मागे गाडीवर बसलो, पत्रिकांची पिशवी मांडीवर. ठरलं असं की जुन्या लोकांच्या पत्रिका मी द्यायच्या आणि देताना सांगायचं.

मरोद्यात आणि आसपास सात घरं झाली. सगळ्यांबद्दल लिहीत नाही. दोघे विसरले होते, वसंता कोण हेच त्यांना आठवेना. एक बाई ऐकून आत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. सगळ्यात जास्त संताप आला तो आमच्या खात्यातल्या एका निवृत्त साहेबाचा. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता. सगळं ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो. आता कोनाले फरक पडते? तुमचं मन हलकं झालं, बस."

हा जो 'जाऊ द्या' आहे ना, तो मी आयुष्यभर ऐकला आणि आयुष्यभर वापरला. माणूस मेला, जाऊ द्या. बाई बडबडते, जाऊ द्या. माझं मन हलकं करायला मी आलो नव्हतो. मी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि म्हणालो, या पोराला विचारा फरक कोणाला पडतो. प्रशांत जिन्यात उभा होता. साहेबानं त्याच्याकडे बघितलं नाही, कुंडीकडे बघितलं.

शेवटी कुम्हारी. वाटेत प्रशांतनं एका ठिकाणी वेग कमी केला. तिथे आता उड्डाणपूल आहे, पंक्चरचं दुकान आहे, काही ओळखू येत नाही. तो थांबला नाही. रोज तो इथूनच जातो हे मला तेव्हा सुचलं, आणि इतकी वर्षं तो इथून कुणावर रागावत जात असेल तेही.

लीलाताई, वसंताची बहीण, ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मला ते सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, दारात, शेजारी ऐकत असताना. त्यांनी पत्रिकेवरच्या नावावर बोट फिरवलं. शाई वाळली होती तरी बोट हळू फिरवलं.

"डबा घेऊन येनार होता," त्या म्हणाल्या. "मी बसून होती. मग लोक म्हनले पिऊन होता, तं मीबी म्हनलं, असंन. भावाबद्दल असं म्हनलं मी."

 त्यांनी प्रशांतला आत बोलावलं. मला पाणी विचारलं नाही. मरोद्यात मला अनोळखी बाईनं चीला खाऊ घातला होता. या मुलखात दारात आलेल्याला पाणी विचारत नाहीत तेव्हा त्याचा अर्थ मोठा असतो. मी पायरीवर उन्हात उभा राहिलो. बरोबरच होतं ते.

संध्याकाळच्या गाडीसाठी प्रशांतनं मला दुर्ग स्टेशनला सोडलं. दिवसभरात तो माझ्याशी दहा वाक्यं बोलला नसेल. मी उतरलो, नमस्कार करावा की करू नये या घोळात होतो, तेवढ्यात त्यानं हात पुढे केला.

"तुमची पत्रिका द्या."

मला वाटलं, बोलावणं परत घेतोय. खिशातून काढून दिली, नागपूरहून आणलेली, चुरगळलेली. त्यानं ती गाडीच्या सीटवर सरळ केली, माझ्याच पिशवीतलं पेन घेतलं आणि गणपतीच्या खाली बापाचं नाव लिहिलं. हिंदी शाळेत शिकलेला हात, मराठी लिहायची सवय नाही, मधेच थांबला, पुन्हा लिहिलं. बत्तीसांतली एकही त्यानं लिहिली नव्हती. ही लिहिली.

"लग्नाले या, नका येऊ, तुमची मर्जी," तो म्हणाला. "पत्रिका बरोबर पाहिजे."

मग गाडी सुरू करायच्या आधी तो मागच्या चाकापाशी वाकला, बोटानं पिन चाचपली, आणि गेला.